लोकमान्यांचे पथ्य

लोकमान्य टिळक म्हटले की पुणेरी पगडी, अंगावरचे उपरणे आणि भेदक डोळे आपल्यापुढे उभे राहतात. शाळेत असताना १ ऑगस्टला आपण त्यांच्यावर भाषणे पाठ केली आहेत. शेंगांच्या टरफलांची गोष्ट ज्याला येत नाही असा मराठी मुलगा सापडणे कठीण. पण या थोर पुरुषाला मधुमेह होता. आयुष्याची निदान शेवटची बारा वर्षे त्यांनी हा विकार अंगावर वागवीत काढली, आणि त्या बारा वर्षांत जगाच्या पाठीवर या रोगावर भरवशाचे एकही औषध नव्हते. ही गोष्ट चरित्रांतून एक-दोन ओळींत येते नि पुढच्या खटल्याच्या गर्दीत हरवून जाते. प्रस्तुत लेखात लोकमान्यांचे चरित्र या एकाच बाजूने पाहावयाचे आहे.

तसे पाहण्याला कारण आहे. आमच्या या सीमाभागात मराठी घरात 'शुगर' आणि कन्नड घरात 'सक्करे कायिले' हे शब्द आता ताप-खोकल्याइतके रुळले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. अशा वेळी इन्सुलिनच्या सुईचा विषय निघाला की पारावरचा एखादा गृहस्थ सांगताना आढळतो की टिळक नुसत्या सातूवर राहिले, त्यांनी कोठे सुई टोचून घेतली? या प्रश्नाचे उत्तर लोकमान्यांच्या चरित्रातच आहे.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. आई लहानपणीच गेली, वडील सोळाव्या वर्षी गेले. शरीर मुळात किरकोळ. डेक्कन कॉलेजात दाखल झाल्यावर या मुलाने पहिले वर्ष सरळ तालमीला वाहून टाकले. जोर, बैठका, कुस्ती, पोहणे आणि त्यावर भरपूर खाणे असा क्रम चालला. वर्षाखेरीस परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावले. कॉलेजच्या अंकात नापास होण्याचे गुणगान करणे बरे नव्हे, तरीही ते एक वर्ष त्यांना पुढे तीन तुरुंगवासांत पुरले असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा', १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून ते बाहेर पडले. पोटासाठी त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला आणि भागीदारीत कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली, ती लातूरला, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखात. बीदर, गुलबर्गा आणि लातूर त्या काळी एकाच राज्यात होते, तेव्हा लोकमान्य थोडेसे आपल्याकडचे कारखानदारही होते असे म्हणावयास हरकत नाही.

१८९७ साल आले ते प्लेग घेऊन. त्याच वर्षी राजद्रोहाचा पहिला खटला झाला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या अन्नाने त्यांचे वजन झपाट्याने उतरले. १८९८ च्या सप्टेंबरात ते सुटले, तर पुढे ताई महाराज प्रकरण उभे राहिले. मित्राच्या मृत्युपत्राचा विश्वस्त होण्याचे कबूल केल्याबद्दल या माणसाला उरलेले सारे आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १९०३ साली थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. त्याच वर्षी आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जागरणे, प्रवास, कोर्ट, छापखाना आणि तोंडात सतत सुपारी असे ते दिवस होते. सुपारीचे त्यांचे वेड सर्वश्रुत आहे. तैवानमध्ये झालेल्या अलीकडच्या पाहण्यांत सुपारी चघळणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले आहे. यावरून लोकमान्यांना सुपारीने मधुमेह झाला असे म्हणणे हा आततायीपणा होईल, पण आपल्याकडच्या पानसुपारीवाल्यांनी ही गोष्ट कानाआड करू नये.

मधुमेह हा लठ्ठ, श्रीमंत आणि बैठ्या माणसाचा रोग, अशी समजूत फार दिवस होती. लोकमान्य लठ्ठ कधीच नव्हते. मग त्यांना हा रोग का व्हावा? या कोड्याचा उलगडा करणारे संशोधन पुढे त्यांच्याच पुण्यात झाले, हा योग मोठा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बाळाचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडातील बाळाचे ३.५ किलो. आपले मूल हाडापेराने लहान, स्नायूंनी बारीक, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. वर बारीक, आत चरबी! २००४ साली डॉ. याज्ञिकांनी आपला आणि आपल्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह लवकर का गाठतो याचे उत्तर त्या एका फोटोत आहे. आईच्या पोटात असताना झालेले कुपोषण पन्नास वर्षांनी साखरेच्या रूपाने वर येते, असा या साऱ्या संशोधनाचा रोख आहे. २०२५ साली तर कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने पाचवा प्रकार म्हणून वेगळी ओळख दिली.

असो. लोकमान्यांकडे वळू. १९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटावरील 'केसरी'तील अग्रलेखांसाठी २४ जूनला मुंबईत सरदारगृहात त्यांना पकडण्यात आले. तोपर्यंत मधुमेह जडलेला होता. बॅरिस्टर जिनांनी जामिनासाठी अर्ज केला. न्यायमूर्ती दावरांनी तो फेटाळला. गंमत अशी की १८९७ साली हेच दावर वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सातास दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. त्यांना आधी साबरमतीच्या तुरुंगात नेले, आणि मग सप्टेंबरात बोटीने रंगूनमार्गे ब्रह्मदेशातील मंडालेस. वय आणि प्रकृती पाहून सरकारने सक्तीची शिक्षा साध्या कैदेत बदलली, एवढीच काय ती सवलत.

त्या काळी मधुमेहाचे निदान कसे होत असे हे आजच्या विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. बोटाला टोचून क्षणात आकडा सांगणारे यंत्र नव्हते. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी नव्हती. परीक्षानळीत निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवी घालायची आणि तापवायचे. निळ्याचे हिरवे झाले तर साखर थोडी, पिवळे झाले तर अधिक, विटकरी झाले तर फार. आणि लघवीत साखर उतरते ती रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावरच. म्हणजे रोग घरात शिरून वर्षानुवर्षे झाली, मग त्याची चाहूल लागायची. ही साखर लोकमान्यांच्या रक्तात १९०८ च्या किती तरी आधीपासून वाढत आलेली असणार. मधुमेहाचे मुख्य दोन प्रकार आहेत आणि त्यातल्या एकात शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, हे पाश्चात्य वैद्यकाला नीट उमगले ते हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरच्या १९३६ मधील कामानंतर. आपल्या सुश्रुताने मात्र प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन भेद केव्हाच करून ठेवले होते.

मंडालेची खोली लाकडी फळ्यांची. हिवाळ्यात फटींतून गार वारा, उन्हाळ्यात भट्टी. स्वयंपाकाला एक कैदी दिलेला. पत्र महिन्याला एक. औषध म्हणावे असे काही नव्हतेच, त्यामुळे उपाय राहिला तो एकच, ताटातला. लोकमान्यांनी गहू आणि तांदूळ सोडले आणि सातूच्या पिठावर राहू लागले. कोकणच्या माणसाने भात सोडणे म्हणजे काय हे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या भागाला कदाचित कळणार नाही. येथे सातू म्हणजे जव, हेही स्पष्ट केलेले बरे, कारण आपल्याकडे गहू, हरभऱ्याची डाळ भाजून दळलेल्या आणि गूळ घालून खाण्याच्या पिठालाही सातूचे पीठ म्हणतात. ते मधुमेह्याचे पथ्य नव्हे!

सातूच का? चरकाने प्रमेहाच्या रोग्याला जव हेच मुख्य अन्न म्हणून सांगितले आहे. वेदांचा आणि जुन्या शास्त्रांचा एवढा व्यासंग असलेल्या पुरुषाला ही वाट नवी नव्हती. पण नुसता परंपरेचा मान राखावा म्हणून नव्हे, तर आजच्या प्रयोगशाळेतही सातू कसोटीला उतरतो. सातूच्या दाण्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. पोटात पाणी मिळताच त्याचा खळीसारखा चिकट गोळा होतो, त्यात पिष्ट अडकून राहते आणि साखर रक्तात एकदम न उसळता सावकाश झिरपते. भाताने जी साखर भरभर चढते ती सातूने हळू चढते, एवढाच याचा अर्थ. परंतु ज्याच्या स्वादुपिंडात अजून थोडे बळ उरले आहे त्याला तेवढाही उसंतीचा अवधी पुरतो.

पथ्याच्या या बंधनाने विकार आटोक्यात राहिला आणि त्या आटोक्यात राहिलेल्या शरीराकडून लोकमान्यांनी काय करवून घेतले हे जग जाणते. शेकडो ग्रंथ मागवून वाचले. जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास केला. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत 'गीतारहस्या'चा खर्डा पुरा केला, तोही शिसपेनीने, कारण दौत-टाक मिळत नव्हता आणि वह्यांची पाने सरकारने मोजून दिलेली होती. ज्याची साखर वाढलेली असते त्याला थकवा येतो, तहान लागते, रात्री वारंवार उठावे लागते, डोळ्यांपुढे अंधुक होते. अशा माणसाने पाच महिन्यांत एवढा ग्रंथ हातावेगळा करावा, याचे श्रेय बुद्धीला द्यावे तितके थोडेच, पण त्यातला एक वाटा त्या सातूच्या पिठालाही द्यावा लागेल. पुढच्याच वर्षी, जून १९१२ मध्ये, पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. ती बातमी त्यांना मंडालेत तारेने कळली. पथ्य चालूच राहिले.

आता पारावरच्या त्या गृहस्थाच्या प्रश्नाकडे येऊ. टिळक सातूवर राहिले हे खरे, पण ते सातूवर राहिले कारण दुसरे काही नव्हतेच. त्यांना प्रौढ वयात जडलेला मधुमेह होता आणि शरीरात स्वतःचे इन्सुलिन काही प्रमाणात तयार होत होते, म्हणून आहाराने भागले. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयार होणेच थांबते, त्याला सातू, कारले, जांभळाच्या बिया, मेथी यांपैकी कशानेही जगवता येत नाही. सुई बंद केली तर असे मूल थोड्या दिवसांत बेशुद्ध होऊन दगावते. आहाराने प्रौढांचा मधुमेह माघारी नेता येतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाने दाखविले हे खरे आहे. दिवसाला साडेआठशेच्या आत-बाहेर उष्मांकांचा आहार तीन ते पाच महिने देऊन वजन उतरविले, तेव्हा वर्षाअखेर शंभरातील ४६ जणांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या रेषेखाली आली. पण त्या प्रयोगात घेतलेले सारे रोगी सहा वर्षांच्या आत निदान झालेले आणि इन्सुलिन न घेणारे होते, आणि डॉक्टरांची त्यांच्यावर सतत नजर होती. हा अर्धा भाग सोडून उरलेला अर्धा गावोगाव सांगत फिरणे याला अपराधच म्हटले पाहिजे.

जून १९१४ मध्ये एका मध्यरात्री सरकारने लोकमान्यांना पुण्यात गायकवाड वाड्याच्या दारी आणून सोडले. वय ५८ च्या घरात. कोणी दुसरा असता तर सिंहगडावरच्या बंगल्यात हवा खात बसला असता. हे मात्र पुन्हा हिंडू लागले. एप्रिल १९१६ मध्ये आपल्या बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली. त्याच वर्षी साठीनिमित्त लोकांनी एक लाखाची थैली दिली आणि सरकारने वीस हजारांच्या जामिनाची नोटीस दिली. डिसेंबरात लखनौ करार झाला. १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी ते विलायतेस गेले, फेब्रुवारी १९१९ मध्ये तो खटला हरले आणि तेथील थंडीत वर्षभर काढून नोव्हेंबरात परतले. लगेच अमृतसरची काँग्रेस, मग सिंधचा दौरा. गावोगावची भोजने, रात्रीचे प्रवास, वेळी-अवेळी खाणे यांत पथ्याचे काय होत असेल हे मधुमेह्याच्या घरातील कोणत्याही बाईला विचारावे. तुरुंगात पथ्य सांभाळणे सोपे होते असे म्हणण्याची पाळी यावी, असे ते दिवस.

जुलै १९२० मध्ये ताई महाराज प्रकरणाच्या निमित्ताने ते मुंबईस सरदारगृहात उतरले होते. त्या खटल्याचा निकाल अखेर त्यांच्या बाजूने लागला. त्याच सुमारास मोटारीतून फेरफटका करून आल्यावर थंडी वाजून ताप भरला. हिवताप वाटला, पुढे न्यूमोनियावर गेले. मुंबईतले नामांकित डॉक्टर उशाशी होते, बाहेर रस्त्यावर पावसात माणसे उभी होती. ताप मेंदूत जाऊन ते असंबद्ध बोलू लागले. १ ऑगस्टला मध्यरात्र उलटून पाऊण तास होत आला असता प्राण गेला. ६४ वे वर्ष पुरे होऊन नऊ दिवस झाले होते. चौपाटीच्या वाळूत त्यांना अग्नी दिला.

यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातील लंडन नावाच्या गावी फ्रेडरिक बँटिंग नावाचा २८ वर्षांचा, धंदा न चालणारा एक शस्त्रवैद्य झोपेतून उठला आणि त्याने स्वादुपिंडाविषयी सुचलेली एक कल्पना वहीत टिपून ठेवली. आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी तो तोच विषय वाचीत बसला होता. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे त्याने बेस्ट या विद्यार्थ्याच्या मदतीने कुत्र्यांवर प्रयोग केले, मॅक्लिऑड यांनी जागा व मार्गदर्शन दिले, कॉलिपने तो अर्क शुद्ध केला. त्यातून इन्सुलिन निघाले. १९२३ साली बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगने आपले बक्षीस बेस्टशी आणि मॅक्लिऑड यांनी कॉलिपशी वाटून घेतले. या शोधाचे पेटंट विद्यापीठाला विकले गेले ते प्रत्येकी एका डॉलरला.

तीन महिन्यांचे हे अंतर पाहून कोणाही मराठी माणसाच्या मनात हळहळ दाटून येते. इन्सुलिन थोडे आधी निघते तर लोकमान्य वाचते, असे म्हणण्याचा मोह होतो. माझ्या मते हा मोह आवरला पाहिजे. मधुमेहाने फुफ्फुसाच्या विकाराशी लढण्याची ताकद घटते हे खरे, आणि इन्सुलिनने ती काही अंशी राखता आली असती. परंतु लोकमान्य गेले ते न्यूमोनियाने. न्यूमोनियाला आवर घालणारी सल्फा औषधे १९३५ नंतर आणि पेनिसिलिन तर १९४० नंतर हाती आले.

टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्याला जवळजवळ उपाशी ठेवलेले होते आणि वजन तीस किलोही उरले नव्हते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला इन्सुलिनची पहिली सुई दिली. औषध पुरेसे शुद्ध नव्हते, गुण आला नाही. २३ जानेवारीला कॉलिपने शुद्ध केलेले औषध दिले आणि मुलाची साखर उतरली, अंगात जीव आला. तो मोठा झाला, नोकरीला लागला. पुढची तेरा वर्षे रोजच्या सुईवर जगला. १९३५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यालाही न्यूमोनियानेच नेले.